पोलाद कां मोडतें?

एखादी वस्तु किती मजबूत आहे, असा प्रश्न व्यवहारांत नेहमींच विचारला जातो, आणि त्याचें उत्तर एका आंकड्यांत मिळावें अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. दोर घ्यावयाचा झाल्यास तो किती वजन पेलील हें विचारावें, तुळई घ्यावयाची झाल्यास तिच्यावर किती भार ठेवतां येईल हें विचारावें. विकणाऱ्यानें आंकडा सांगितला कीं गिऱ्हाइकाचें समाधान होतें. दोराच्या बाबतींत हें समाधान रास्तहि आहे, कारण दोराला ओढ बसते ती एकाच दिशेनें. परंतु यंत्राचा आंस, पुलाचा सांधा, जहाजाचा डेक किंवा आगगाडीचा रूळ यांवर एकाच वेळीं अनेक बाजूंनीं भार येतात; आणि अशा वेळीं तो एक आंकडा कधीं कधीं इतका फसवा ठरतो कीं, त्याच्या भरंवशावर राहिलेलीं माणसें प्राणांस मुकतात.

१९४३ सालच्या जानेवारी महिन्याच्या १६ तारखेची गोष्ट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील ऑरेगन राज्यांत, पोर्टलंड शहरीं, ‘शेनेक्टडी’ नांवाचें एक नवें कोरें तेलवाहू जहाज धक्क्याला बांधून ठेवलेलें होतें. सुमारें ५२० फूट लांबीचें हें जहाज नुकतेंच समुद्रावरील चांचण्या पुऱ्या करून परत आलें होतें. नदीचें पाणी शांत होतें. रात्रीच्या वेळीं मैलभर ऐकूं जाईल असा प्रचंड आवाज झाला, आणि जहाज डेकपासून दोन्ही कुशींतून खालपर्यंत चिरत गेलें. केवळ तळाचे पत्रे तेवढे शाबूत राहिले. त्यांवर घडी पडल्याप्रमाणें जहाजाचा मध्यभाग पाण्याबाहेर उचलला गेला.

त्या रात्रीं डेकवर किती ताण होता याचा हिशेब मागाहून करण्यांत आला. तो दर चौरस इंचास ९,९०० पौंड भरला. त्या जातीचें पोलाद परीक्षायंत्रांत ओढून पाहिलें तर सुमारें ६०,००० पौंडांपर्यंत टिकतें, आणि तुटण्यापूर्वीं आपल्या लांबीच्या पांचव्या हिश्श्याइतकें किंवा त्याहूनहि अधिक ताणलें जातें. म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या भारानें जहाज फुटलें. आणि फुटलेल्या कडा पाहिल्या तर त्या चिनीमातीच्या बशीच्या तुकड्यांसारख्या सरळ होत्या, कोठें ताणल्याची खूण जवळजवळ नव्हती. मेणासारखें लांबणारें पोलाद कांचेसारखें तडकलें कसें? या प्रश्नाच्या उत्तरांत दिशांचा फार मोठा वांटा आहे.

सामान्य समजुतीप्रमाणें मोडणें ही एकच क्रिया आहे. वस्तुतः घन पदार्थाला हार खाण्याचे दोन मार्ग आहेत, आणि ते एकमेकांहून अगदीं भिन्न आहेत. पहिला मार्ग घसरण्याचा. पत्त्यांच्या जोडाला बाजूनें लोटलें असतां एक पत्ता दुसऱ्यावरून सरकतो. जोडाचा आकार बदलतो, पण जोड विस्कटत नाहीं. धातूच्या स्फटिकांतील अणूंचे थर असेच एकमेकांवरून सरकूं शकतात. सोन्याचें पान ठोकतां येतें, तांब्याची तार ओढतां येते, तें या गुणामुळें. दुसरा मार्ग विलग होण्याचा. यांत थर सरकत नाहींत. समोरासमोरचे दोन थर एकमेकांपासून सरळ दूर ओढले जातात आणि त्यांची फारकत होते. कांच, खडू आणि बीड हीं या मार्गानें मोडतात. घसरणें हें सावकाशीचें काम आहे, त्यांत पूर्वसूचना मिळते. फारकत ही क्षणार्धांत होते.

या दोन मार्गांतील भेद घरबसल्या पाहतां येतो. श्रोत्यांनीं फळ्यावर लिहिण्याचा एक खडू घ्यावा आणि तो दोन्ही हातांनीं वांकवून मोडावा. मोडलेलें तोंड खडूच्या लांबीशीं काटकोनांत, सपाट असें दिसेल. आतां दुसरा खडू घेऊन, त्याला मुळींच न वांकवितां, ओला पंचा पिळतात तसा हळूहळू पिळून मोडावा. या वेळीं मोडलेलें तोंड सपाट नसतें. स्क्रूच्या आट्याप्रमाणें तें तिरपें फिरत जातें, आणि तो तिरकसपणा सुमारें ४५ अंशांचा असतो.

हात पिळतात आडवे, आणि खडू मोडतो तिरपा. याचें कारण समजण्यास रबराच्या नळीवर शाईनें एक लहान चौरस काढावा आणि नळी पिळावी. चौरसाचा पतंगासारखा तिरपा चौकोन होतो. त्याचा एक कर्ण लांबतो व दुसरा आंखडतो. म्हणजे पीळ या नांवाची कांहीं स्वतंत्र शक्ति नाहीं. एका तिरप्या दिशेनें ओढ आणि तिच्याशीं काटकोनांत असलेल्या दिशेनें दाब, या जोडीलाच पीळ म्हणतात. खडूला दाब सोसतो, ओढ सोसत नाहीं. म्हणून ज्या दिशेला ओढ सर्वांत अधिक, तिच्याशीं काटकोन करून तो मोडतो. उलट, नरम पोलादाची कांब पिळून तोडली तर तिचें तोंड सुरीनें कापल्यासारखें आडवें सपाट निघतें. पोलादाला ओढीची तितकी भीति नाहीं. तें घसरून हार खातें, आणि पिळांत घसर सर्वांत अधिक असते ती आडव्या प्रतलावर. भार तोच, आकार तोच; परंतु पदार्थाचा स्वभाव निराळा म्हणून मोडण्याची दिशा निराळी. तुटलेल्या आंसाचें तोंड पाहून तो कशानें तुटला हें जाणकार सांगतात, तें याच ज्ञानाच्या बळावर.

आतां घसर केव्हां सुरू होईल, हें आधीं सांगतां येईल काय? भार एकाच दिशेनें असला तर परीक्षायंत्र उत्तर देतें. पण एकाच वेळीं ओढ, दाब आणि पीळ असतील तर प्रत्येक मिश्रणाची परीक्षा करीत बसणें अशक्य. १८६४ सालीं त्रेस्का या फ्रेंच अभियंत्यानें शिसें वगैरे धातु सांच्यांतून दाबून वाहवण्याचे प्रयोग केले आणि त्यावरून एक साधा नियम मांडला: सर्वांत मोठी घसर एका ठराविक मर्यादेला पोंचली कीं धातु वाहूं लागतो. दुसरा, अधिक सूक्ष्म विचार मॅक्सवेल यानें १८५६ सालींच एका खाजगी पत्रांत लिहून ठेवला होता. पदार्थांत सांठलेल्या शक्तीचे दोन भाग पाडावे. एक आकारमान बदलण्यांत गेलेला, व दुसरा आकृति बिघडविण्यांत गेलेला. आणि यांतील दुसराच धातूला घसरावयास लावतो. पत्र प्रसिद्ध झालें नाहीं. १९०४ सालीं हीच कल्पना ह्यूबर यानें पोलिश भाषेंत मांडली, तीहि बाहेर फारशी कळली नाहीं. आणि अखेर १९१३ सालीं फॉन मिझेस यानें मांडलेल्या सूत्राला मान्यता मिळून त्याचेंच नांव रूढ झालें. १९३१ सालीं टेलर आणि क्विनी यांनीं धातूच्या नळ्या एकाच वेळीं ओढून व पिळून पाहिल्या. त्यांची निरीक्षणें त्रेस्काच्या नियमापेक्षां मिझेसच्या सूत्राला अधिक जवळ आलीं. आज यंत्रांचे भाग आंखतांना संगणक जे रंगीत नकाशे काढतो, त्यांत बहुधा हेंच सूत्र असतें.

या दोन्ही नियमांतून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. सर्व बाजूंनीं सारखाच दाब असला तर घसर मुळींच होत नाहीं. समुद्राच्या तळाशीं पडलेला भरीव लोखंडी गोळा कितीहि दाबला गेला तरी चेपत नाहीं. फक्त यत्किंचित् आकसतो. पण सर्व बाजूंनीं दाब ठेवून त्यांत एखादाच दाब वाढविला, तर ठिसूळ पदार्थहि निराळाच वागूं लागतो. १९११ सालीं कार्मान यानें गटिंगन येथें संगमरवराच्या लहान स्तंभांना चोहोंकडून तीन हजारांहून अधिक वातावरणांचा दाब देऊन मग ते लांबीच्या दिशेनें दाबले. एरव्हीं भुगा होणारा संगमरवर त्या वेढ्यांत न फुटतां मऊ धातूसारखा फुगून आंखूड झाला. अमेरिकेंत हार्वर्ड येथें ब्रिजमन यानें असाच वेढा घालून पोलाद ओढलें, तेव्हां तें तुटण्यापूर्वीं नेहमींपेक्षां कितीतरी अधिक लांबलें. अतिदाबाखालील पदार्थांच्या अभ्यासाबद्दल त्याला १९४६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. चोहोंकडून येणारा दाब हा, थोडक्यांत, ठिसूळ पदार्थाला चिवट करतो.

याची उलट बाजू अधिक भयंकर आहे. चोहोंकडून दाबाऐवजीं चोहोंकडून ओढ असेल तर काय होईल? एक साधा हिशेब करावा. पोलादांतील एखादा खेळण्याच्या फाशासारखा लहानसा घन डोळ्यांपुढें आणावा. समजा, दोन दिशांच्या ओढींत १५ टनांचें अंतर पडलें कीं घसर सुरू होते, आणि कोणत्याहि एका दिशेची ओढ ४० टनांवर गेली कीं फारकत होते. घन एकाच दिशेनें ओढला तर दुसऱ्या दोन दिशांना ओढ शून्य. म्हणून १५ टनांतच घसर सुरू होईल, पोलाद लांबेल, आणि ४० टनांची वेळच येणार नाहीं. आतां तोच घन तिन्ही दिशांनीं ३, २, २ या प्रमाणांत ओढला आहे असें समजावें. मुख्य ओढ १५ झाली तेव्हां बाजूच्या ओढी १० आहेत; अंतर पडलें अवघें ५. घसर सुरू होण्यास मुख्य ओढ ४५ टनांवर जावी लागेल. पण तत्पूर्वीं ४० टनांवर फारकत होऊन चुकली! पोलाद तेंच, त्याच्या घटकांत काडीचाहि फरक नाहीं. बाजूच्या दोन ओढींनीं त्याची घसरण्याची वाट बंद केली, आणि वाट बंद झाली म्हणून तें फुटलें. चिवटपणा हा जसा पदार्थाचा गुण आहे, तसाच तो परिस्थितीचाहि गुण आहे, हें या हिशेबाचें सार.

येथें एक शंका येणें स्वाभाविक आहे. जहाजाच्या पत्र्याला तीन दिशांनीं ओढतो कोण? पत्रा तर एकाच दिशेनें ओढला जातो. याचें उत्तर असें कीं, बाहेरचा भार एका दिशेचा असला तरी आंतली ओढ तीन दिशांची होऊं शकते. आणि ती तशी करण्यास एक लहानशी खांच पुरते. रबराची पट्टी ओढली असतां ती लांबते तशी अरुंद व पातळहि होते, हें सर्वांच्या पाहण्यांत आहे. जाड पत्र्याच्या कडेला खांच असली तर खांचेच्या टोंकाजवळच्या चिमुकल्या भागावर सर्वांत अधिक ओढ पडते, आणि त्याला लांबून अरुंद व्हावयाचें असतें. पण त्याच्या भोंवतालच्या पोलादावर तितकी ओढ नसते. तें आंखडण्यास तयार नसतें. तें त्या भागाला दोन्ही बाजूंनीं धरून ठेवतें, आणि हें धरून ठेवणें म्हणजेच बाजूची ओढ. पत्रा पातळ असला तर जाडीच्या दिशेनें तरी सुटका होते. जाड असला तर तीहि वाट बंद. यामुळें तीक्ष्ण खांचेच्या टोंकाशीं पोलाद घसरूं लागण्यापूर्वीं मुख्य ओढ नेहमींच्या अडीच ते तीन पटींपर्यंत चढूं शकते.

खांच आणखी एक अपाय करते. १८९८ सालीं किर्श यानें गणितानें दाखविलें कीं, ताणलेल्या पत्र्यांत वाटोळें भोंक असेल तर त्याच्या कडेशीं ओढ तिप्पट होते. येथेंहि दिशांचा प्रभाव पाहण्यासारखा आहे. पत्रा दोन्ही दिशांनीं सारखाच ओढला तर भोंकाच्या कडेची ओढ तिपटीवरून दुपटीवर उतरते. पण एका दिशेनें ओढून दुसरीकडून तितकेंच दाबलें, तर ती चौपट होते. भोंक तेंच, पत्रा तोच. दुसऱ्या दिशेचा भार कसा आहे त्यावर दोनाचे चार होतात. १९१३ सालीं इंग्लिस यानें लंबवर्तुळाकार भोंकाचा हिशेब केला आणि भोंक जितकें चपटें व टोंकदार, तितकी ओढ अधिक, असें सिद्ध केलें. त्याच धाग्यावर ग्रिफिथ यानें १९२० च्या सुमारास कांचेचे प्रयोग करून तड्याचें शास्त्र उभारलें: तडा पुढें सरकल्यानें जितकी सांठलेली शक्ति मोकळी होते, ती नवे पृष्ठभाग निर्माण करण्यास लागणाऱ्या शक्तीहून अधिक झाली कीं तडा आपल्या आपण धांवूं लागतो. एकदां तडा धांवूं लागला म्हणजे तोच सर्वांत तीक्ष्ण खांच होतो. जेथें जातो तेथें तीन दिशांची ओढ तो आपल्याबरोबर घेऊन जातो.

या पार्श्वभूमीवर युद्धकाळांतील जहाजांकडे पाहिलें म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेनें ‘लिबर्टी’ जातीचीं २,७१० मालवाहू जहाजें बांधलीं. पूर्वींचीं जहाजें रिव्हेट ठोकून बांधलेलीं असत. हीं वेल्डिंगनें जोडलेलीं होतीं, म्हणून तीं झपाट्यानें तयार झालीं. रिव्हेटच्या जहाजांत तडा पत्र्याच्या कडेपर्यंत जाऊन बहुधा तेथेंच थांबे. वेल्डिंगच्या जहाजांत सर्व पत्रे मिळून जणूं एकच अखंड पत्रा झालेला. तडा निघाला कीं त्याला थांबविणारी कडाच नाहीं. त्यांत डेकवरील मालाच्या कोठीचीं तोंडें चौकोनी होतीं, आणि प्रत्येक काटकोनी कोंपरा ही तयार खांच होती. लाटेवर जहाजाचा मध्यभाग उचलला गेला कीं डेकवर लांबीच्या दिशेनें ओढ पडे. वेल्डिंगचा तप्त रस थिजतांना आंखडून दुसऱ्या दिशेनें ओढ ठेवून गेलेला असे. आणि कोंपऱ्यांतील जाड पत्र्यांचा जमाव तिसऱ्या दिशेनें सुटका होऊं देत नसे. शांत पाण्यांतहि या ओढी नाहींशा होत नसत.

संशय प्रथम वेल्डिंगवर गेला. त्या गोद्यांत हजारों नवशिके कामगार, आणि त्यांत कितीतरी स्त्रिया, घाईनें काम शिकून रात्रंदिवस राबत होत्या; दोष त्यांच्या हातांचा असावा, असें म्हणणें सोपें होतें. कांहीं सांधे खरोखरच सदोष होते, आणि ‘शेनेक्टडी’चा तडाहि अशाच सांध्यांतून निघाला होता. परंतु सदोष सांध्यापाशीं तडा कां निघाला हें सांगितल्यानें, तो चांगल्या पत्र्यांतून जहाजाच्या तळापर्यंत कां धांवला याचा खुलासा होत नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथें धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनीं या प्रश्नाचा कसून अभ्यास केला आणि दाखवून दिलें कीं, मुख्य दोष पोलादाचा आहे; एका विशिष्ट तपमानाखालीं तें खांचेपाशीं ठिसूळ होतें. वरच्या हिशेबांत याचा अर्थ सहज लागतो. थंडीनें पोलादांतील घसर कठीण होते. १५ टनांची मर्यादा समजा २० वर जाते. फारकतीची मर्यादा मात्र जवळपास तेथेंच राहते. दोहोंतील अंतर आधींच थंडीनें घटलेलें, त्यांत खांचेनें तीन दिशांची ओढ निर्माण केलेली. मग घसरण्याला अवसर उरला कोठें? ‘शेनेक्टडी’ फुटली त्या रात्रीं हवेचें तपमान शून्याखालीं सुमारें ३ अंश सेंटिग्रेड होतें.

उपाय निघाले तेहि या निदानाला धरूनच निघाले. कोठीच्या तोंडांचे कोंपरे गोल करण्यांत आले. डेकवर जागोजागीं रिव्हेट ठोकलेल्या पट्ट्या बसविल्या, म्हणजे धांवता तडा कडेला येऊन थांबावा. पुढील पोलादांत कार्बन कमी व मँगेनीज अधिक घालूं लागले. आणि मुख्य म्हणजे पोलादाची परीक्षा करण्याची रीत बदलली. गुळगुळीत कांब सावकाश ओढून मिळणारा आंकडा पुरेसा नाहीं हें पटलें. त्याऐवजीं शार्पी या फ्रेंच अभियंत्याची, विसाव्या शतकाच्या आरंभापासून माहीत असलेली परीक्षा सर्वत्र आवश्यक झाली. तींत लहानशा पोलादी तुकड्याला मुद्दाम खांच पाडतात, तो हवा तितका थंड करतात, आणि लंबकाच्या हातोड्यानें एका घावांत तोडून त्यानें किती शक्ति शोषिली तें मोजतात. फुटलेल्या जहाजांचे पत्रे अशा परीक्षेला लावले, तेव्हां ज्या पत्र्यांत तडे सुरू झाले ते सर्वांत हलके ठरले, आणि जेथें तडे थांबले ते पत्रे त्यांहून चिवट निघाले. ती खांच तीन दिशांची ओढ निर्माण करते. सुखाच्या स्थितींत पोलाद कसें वागतें हें न पाहतां कोंडींत सांपडल्यावर कसें वागतें तें पाहणें, हा या परीक्षेचा हेतु.

येथवर एकदांच येणाऱ्या भाराचा विचार झाला. परंतु यंत्रांत भार पुन्हां पुन्हां येतात, आणि अशा वेळीं मर्यादेच्या आंतील भारहि लक्षावधि फेऱ्यांनंतर तडा पाडतात. आगगाडीच्या आंसांवर व्होलर यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. पण त्यांतील प्रत्येक परीक्षेंत भाराचा प्रकार एकच असे. फिरत्या दांड्याला वांक आणि पीळ एकत्र बसतात, म्हणून १९३५ सालीं गफ आणि पोलार्ड यांनीं इंग्लंडांत टेडिंग्टनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेंत दोन्ही एकत्र देऊन परीक्षा केल्या. चिवट पोलादाचे बिंदु कागदावर मांडले तेव्हां ते लंबवर्तुळाच्या कमानीवर बसले. म्हणजे पीळ असला कीं वांक सोसण्याची ताकद उणी होते. पुढें आणखी एक गोष्ट उघडकीस आली. दोन भार एकाच वेळीं वाढून एकाच वेळीं उतरले तर एक परिणाम होतो; पण एक चढत असतां दुसरा उतरत असला, तर आंतील मुख्य ओढीची दिशाच फिरत राहते. मग घसर कधीं या थरांवर, कधीं त्या थरांवर होते. हे थर एकमेकांना अडवतात, धातु अधिक ताठर होतो, आणि कांहीं धातूंचें, विशेषतः न गंजणाऱ्या कांहीं पोलादांचें, आयुष्य त्यामुळें पुष्कळच घटतें.

अशा फिरत्या दिशांचें नित्याचें उदाहरण म्हणजे आगगाडीचा रूळ. चाक आणि रूळ यांचा स्पर्श होतो तो एका लहान नाण्याएवढ्या जागेंत. चाक जवळ येतांना तेथील पोलाद एका दिशेनें घसरूं पाहतें, डोक्यावर आलें कीं सरळ दाबलें जातें, पुढें गेलें कीं उलट दिशेनें घसरूं पाहतें. शिवाय वळणावर चाक बाजूला रेटतें, आणि ब्रेक लागला कीं लांबीच्या दिशेनें ओढतें. हा दिशांचा फेरा प्रत्येक चाकामागें एकदां होतो. त्यानें रुळाच्या आंतल्या कोंपऱ्यावर केसांसारख्या बारीक तिरप्या भेगा पडतात. भेगेवर दाब असतो, म्हणून ती उघडत नाहीं. तिचीं दोन पृष्ठें एकमेकांवर घसरत ती वाढते. कांहीं अंतर गेल्यावर एखादी भेग खालीं वळते. आणि मग रुळांतील लांबीच्या दिशेची ओढ तिला उघडूं लागते.

१७ ऑक्टोबर २००० रोजीं लंडनच्या उत्तरेस हॅटफील्ड येथें एका वळणावर असाच रूळ वेगानें जाणाऱ्या गाडीखालीं फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसें दगावलीं आणि सत्तरांवर जखमी झालीं. त्या भेगा अगोदर कोणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या असें नाहीं. त्या ठिकाणचा रूळ खराब झाला आहे हें माहीत होतें; बदलण्याचा रूळहि आणून ठेवलेला होता. बदलण्याचें काम मात्र लांबणीवर पडलें होतें. एकामागून एक रूळ वेल्डिंगनें जोडून मैलोगणती अखंड केलेले असले म्हणजे थंडीनें आकसूं पाहणाऱ्या रुळाला आकसतां येत नाहीं, आणि त्यांत ओढ सांठते. भारतांतहि थंडीच्या दिवसांत पहांटेच्या सुमारास रूळ तडकण्याचे प्रकार अधिक होतात. म्हणून त्या ऋतूंत रात्रींच्या वेळीं रुळांवरून गस्त घालण्याची पद्धत आहे. हातांत दिवा घेऊन कडाक्याच्या थंडींत रूळ न्याहाळीत चालणारा तो गस्तवाला या सर्व शास्त्राचा शेवटचा पहारेकरी होय. त्याच्या जोडीला आतां ध्वनिलहरींनीं रुळाच्या पोटांतील भेग शोधणारीं यंत्रें आहेत, आणि भेगाळलेली वरची साल घासून काढणाऱ्या गाड्याहि आहेत.

शास्त्राची प्रगति पुष्कळ झाली असली तरी मजबुतीसंबंधीं विचारावयाचे प्रश्न फार अवघड नाहींत. भार किती, हा त्यांतील पहिला. पण तो एकटा पुरत नाहीं. भार कोणकोणत्या दिशांनीं येतो? त्या दिशा स्थिर आहेत कीं फिरत्या? पदार्थांत खांच, कोंपरा वा भेग आहे काय, आणि त्याची जाडी किती? थंडी किती पडेल? घसरण्याची वाट मोकळी ठेवली आहे, कीं चोहों बाजूंनीं बंद झाली आहे? पूल, बाष्पपात्र, जहाज वा रूळ यांच्या परीक्षेच्या कागदावर एकच आंकडा लिहून खालीं सही केलेली दिसली, तर या प्रश्नांचीं उत्तरें त्या कागदांत आहेत कीं नाहींत हें पाहण्याचा हक्क त्या पुलावरून वा त्या गाडींतून जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. पोर्टलंडच्या धक्क्यावरील जहाज पुढें दुरुस्त होऊन पुन्हां समुद्रावर गेलें. पण त्याच काळांत भर समुद्रांत दुभंगलेल्या जहाजांवरील कांहीं खलाशी परत आले नाहींत. आणि गोल कोंपरे, चिवट पोलाद व खांच पाडलेल्या तुकड्याची परीक्षा हीं पुढच्या खलाशांना मिळालीं तीं त्यांच्या प्राणांच्या मोलानें.